परभणीत सपोर्ट ग्रुप कुठे मिळेल?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन नेहमीसारखं मीच केलंय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.

आजचा विषय माझ्या घरातला आहे. त्यामुळे रेकॉर्ड करण्याआधी सगळा मजकूर मी माझ्या धाकट्या भावाला वाचून दाखवला. त्याने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. बाकीच्याला त्याची हरकत नाही. त्याचं नाव मात्र इथे येणार नाही.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. २०२१ च्या दिवाळीनंतर सुरुवात झाली. पहिले काही महिने जसे आपल्याकडे बहुतेक घरांत जातात तसेच गेले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं लग्न लावून द्या, कुणी म्हणालं सैलानीला घेऊन जा. आम्ही गेलोही. डॉक्टरकडे पोचेपर्यंत आठ महिने झाले होते. आता तो औषधांवर बरा आहे, मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो, माझ्यापेक्षा जास्त पुस्तकं वाचतो. पण आजचा भाग त्याच्याबद्दल नाही. तो आमच्या आईबद्दल आहे.

आई अडीच वर्षं एकाही लग्नाला गेली नाही. कुणी विचारलं 'धाकटा काय करतो सध्या' तर काय सांगायचं, या एका प्रश्नाच्या भीतीने. तिला बोलायला जागा एकच होती. रात्री दहा वाजता मला फोन. मी तेव्हा पुण्यात. दिवसभर प्रॉडक्शनचे बग बघायचे आणि रात्री आईचं ऐकायचं. खरं सांगतो, कधीकधी मी फोन म्यूट करून लॅपटॉपवर काम करत असायचो. ते तिला कळायचंही.

मग मी कुठलाही इंजिनिअर करतो ते केलं. सर्च केलं. सपोर्ट ग्रुप, माझ्या जवळ, परभणी. काय आलं? नांदेडचं एक हॉस्पिटल, पुण्याच्या दोन संस्था, एक योगासनांचा क्लास आणि एक जिम. मंडळी, जिम. पुढे कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि मी परत आलो. बनी तो बनी, नहीं तो परभणी म्हणतातच. इथे राहून शोधायला लागलो तेव्हा कळलं की मी प्रश्नच चुकीच्या जागी टाकत होतो.

आधी शब्द साफ करून घेऊ, कारण 'ग्रुप' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्यातली कोणती हवी हे ठरल्याशिवाय शोधण्यात अर्थ नाही.

एक असतो थेरपी ग्रुप. मराठीत समूह उपचार म्हणा. त्यात प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गट चालवतो. लोक मोजके, बहुतेकदा ठरलेले. आत घेण्याआधी प्रत्येकाशी वेगळं बोलतात. ठरावीक आठवडे, ठरावीक विषय. तो उपचार आहे, त्यामुळे त्याची फी असू शकते आणि त्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर असते. स्पष्टच सांगायचं तर जिल्ह्याच्या गावात असा गट क्वचितच सापडतो. तो चालवायला जितकी माणसं लागतात तितकी इथे नाहीत.

दुसरा सपोर्ट ग्रुप, स्वमदत गट. इथे तज्ज्ञ नसतो, किंवा असला तरी कोपऱ्यात बसतो. एकाच प्रकारच्या अडचणीतून जाणारे लोक एकमेकांशी बोलतात. आईला हे समजावताना मी बराच वेळ इंग्रजीत अडकलो होतो. शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे आपल्या बचत गटासारखं का? पैशाऐवजी हे." बरोबर तसंच. ठरलेला दिवस, ठरलेली माणसं, आळीपाळीने चहा, आणि आतली गोष्ट आतच. ज्या जिल्ह्यात गावोगावी बायका बचत गट चालवतात तिथे ही कल्पना परकी नाही. फक्त तिला हे नाव नाही.

तिसरा प्रकार रुग्णालयं घेतात ती नातेवाइकांची बैठक. आजार काय आहे, औषध किती दिवस, पुन्हा बिघडायला लागलं तर आधी काय दिसतं, हे सांगतात. याला ग्रुप म्हणतही नाहीत. पण आमच्यासारख्यांना सुरुवातीला सगळ्यात जास्त हीच लागते.

आईला यातली दुसरी आणि तिसरी हवी होती. मी शोधत होतो पहिली.

आता माझी चूक. सर्चवर काही सापडेना म्हणून मी आईला एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकलं. नाव सांगत नाही. अडीचशे माणसं, अॅडमिन कोण आहे ते कुणाला माहीत नाही. पहिले काही दिवस आई खूश होती, कारण पहिल्यांदाच तिला कळलं की अशी दुसरी घरंही आहेत. ही गोष्ट छोटी नाही. मग एके दिवशी तिथे कुणीतरी लिहिलं की या गोळ्यांनी माणूस कायमचा मंद होतो, आम्ही बंद केल्या आणि मुलगा ठणठणीत आहे. खाली चाळीस हात जोडलेले इमोजी. भाऊ तेव्हा दिवसभर झोपायचा, तोंडाला लाळ सुटायची. आईच्या जिवाला ते बघवत नव्हतं. तिने गोळ्या बंद केल्या आणि मला सांगितलं नाही.

अकरा दिवस काहीच झालं नाही. उलट तो जरा तरतरीत वाटला. बाराव्या रात्री तो घरातून निघून गेला. पहाटे रेल्वे स्टेशनवर सापडला, प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसलेला. एका चहावाल्याने त्याला धरून ठेवलं होतं. पुढचं मी सांगत नाही, काढलेल्या दोन वाक्यांतलं एक इथलंच आहे.

या आजाराच्या गोळ्या अचानक बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि तो त्याच दिवशी दिसत नाही. म्हणून तर माणूस फसतो. झोप, लाळ, वजन हे दुष्परिणाम खरे आहेत. त्यावर डॉक्टर डोस कमी करू शकतात, गोळी बदलू शकतात. आमच्याकडे पुढे तेच केलं. आईने तक्रार केली असती तर ते आधीच झालं असतं. तिला वाटायचं, डॉक्टरांना उलट कसं बोलायचं.

तर कुठल्याही ग्रुपमध्ये पहिल्यांदा गेलात की एक गोष्ट बघा. तिथे औषधाबद्दल काय बोलतात? 'माझा अनुभव असा आहे, तुम्ही तुमच्या डॉक्टरला विचारा' असं म्हणत असतील तर बसा. 'ही बंद करा, ती सुरू करा' असं म्हणत असतील तर चहा पिऊन निघा. दुसरं, तो ग्रुप कोण चालवतं हे सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तेच उत्तर समजा. आणि कुणी काही विकत असेल, काढा, कोर्स, शिबिर, तर मग ते दुकान आहे.

चालवणाऱ्याबद्दल विचारायचं म्हणजे काय, तेही सांगतो. सायकिअॅट्रिस्ट हा एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिचा नंबर मागता येतो आणि मागण्यात काही गैर नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र सहा महिन्यांच्या कोर्सवरही लागते. त्यातही चांगली माणसं आहेत, मला भेटलीत. पण शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, एवढं विचारायचंच. आपण जमीन घेताना सातबारा बघतो की नाही?

आता परभणीत शोधायचं कुठे. महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. नकाशावर ठिपके लावून बघा, मधे मराठवाडा रिकामा दिसेल. त्यामुळे आपल्या लोकांच्या डोक्यात 'मानसिक उपचार म्हणजे येरवडा' हे पक्कं बसलंय. पण देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे आणि त्याखाली १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात आधी केलेल्या प्रयोगावरून तो घेतला. कल्पना सोपी आहे: माणसाला मोठ्या मनोरुग्णालयात पाठवण्याऐवजी जिल्हा रुग्णालयातच मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स अशी टीम बसवायची, आणि त्या टीमने ठरलेल्या दिवशी तालुक्याला जायचं.

म्हणजे जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या माणसाने सर्च करण्याआधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारायचं, 'मानसिक आरोग्याची टीम कोणत्या वारी येते?' परभणीत असाल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना तेच विचारा. वार बदलतात, पदं रिकामी राहतात, म्हणून मी इथे वार सांगत नाही, आधी चौकशी करून जा. आणि आत गेल्यावर फक्त डॉक्टरांना भेटून परत येऊ नका. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांसमोर पन्नास माणसं रांगेत असतात, त्यांच्याकडून गप्पांची अपेक्षा करणं बरोबर नाही. पण कोणत्या घरात कोणता आजार आहे, कोणती आई बोलायला तयार आहे, हे त्या टीममध्ये सामाजिक कार्यकर्त्याला माहीत असतं. ती नावं ते तुम्हाला देणार नाहीत, देऊही नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. पण तुम्ही तुमचा नंबर देऊन म्हणू शकता की 'अशा दुसऱ्या घरच्यांना आमच्याशी बोलायचं असेल तर त्यांना हा द्या.' आमचं काम इथेच झालं. सर्चवर नाही, बाकड्यावर.

शेतकरी घरांसाठी आणखी एक दार आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाड्यातल्या आठही आणि विदर्भातल्या सहा, अशा १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. परभणी त्यात आहे. त्यात गावच्या आशाताईंवर घरोघरी जाऊन ताणाखाली असलेली माणसं ओळखण्याचं आणि त्यांना पुढे पाठवण्याचं काम आहे. आशाताई आपल्याकडे लसीकरण आणि बाळंतपणासाठीच येतात असं आपण धरून चालतो. त्यांना या विषयावरही विचारता येतं. एक अडचण मी मान्य करतो. आशाताई त्याच गावच्या असतात, आणि बऱ्याच घरांना नेमकं गावातल्याच माणसाला सांगायचं नसतं.

त्यांच्यासाठी फोन. टेलीमानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केला. फोन मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. याचा एक उपयोग लोकांना माहीत नाही. हा नंबर फक्त मोकळं व्हायला नाही. पहिल्या पातळीवर समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्याच्या टीमकडे जोडून देतात. त्यामुळे फोन केल्यावर 'माझ्या जिल्ह्यात प्रत्यक्ष कुठे जाऊ?' हे विचारा.

इथे मधेच एक गोष्ट, कारण ती थांबू शकत नाही. घरात कुणी जीव द्यायचं बोलत असेल, किंवा तसा प्रयत्न केला असेल, तर ग्रुप शोधू नका. १०८ ला फोन करा, माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवा आणि सरळ दवाखाना गाठा. पोलीस केसच्या भीतीने आपल्याकडे लोक तास घालवतात. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाब घेतील. होऊ द्या.

व्यसनाचं वेगळं सांगतो, कारण लहान गावात सगळ्यात आधी सापडण्याची शक्यता असलेला ग्रुप हाच असतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, लोक नुसतं एए म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेत ऍक्रन नावाच्या गावी दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. सुरुवात दोघांपासून झाली, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, बैठक बहुतेकदा एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या खोलीत. घरच्यांसाठी त्यांच्याच धर्तीवर अल-अॅनॉन आहे. आणि आपल्या मराठीत हे काम करून दाखवलं ते पुण्याच्या मुक्तांगणने, १९८६ पासून. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी त्यांनी 'सहचरी' हा गट चालवला. पिणारा बरा झाला तरी घरातली बाई आपोआप बरी होत नाही, हे तिथे ओळखलं गेलं.

आमच्या आजाराचा मराठीतला मोठा पत्ताही पुण्यातच निघाला. डॉ. जगन्नाथ वाणी, मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. रुग्णांचा वेगळा स्वमदत गट आणि काळजी घेणाऱ्यांचा वेगळा, अशी तिथली पद्धत. हे 'वेगळा' महत्त्वाचं आहे. आईला भावासमोर रडता येत नाही, आणि भावाला आईसमोर आईबद्दल बोलता येत नाही. २००४ चा 'देवराई' हा सिनेमाही वाणींच्याच पाठिंब्याने झाला. आईने तो माझ्या लॅपटॉपवर बघितला. निम्मा झाल्यावर उठून पोळ्या करायला गेली, दुसऱ्या दिवशी उरलेला बघितला.

ठाण्याची आयपीएच, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, तिचाही मला उपयोग झाला. त्यांचे मराठीतले व्हिडिओ बघूनच आईचे अर्धे प्रश्न मिटले. पण पुणे-ठाणे म्हणजे परभणीहून रात्रभराचा प्रवास, आणि भावाला एकटं ठेवून आई दर महिन्याला जाणार कशी? ऑनलाइन बैठकीत ती एकदा बसली. दुसऱ्यांदा बसली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "त्या सगळ्या चांगल्या बोलत्यात रे, पण मला आपलं बोलणं लाजिरवाणं वाटतं." मी म्हणालो, असं काही नसतं. पण असं असतं. आपली भाषा, आपली घरं, शेताची वाटणी, स्थळं मोडणं, हे सगळं समजावून न सांगता ज्याला कळतं असा माणूस समोर लागतो.

मग एक शंका येते, की तज्ज्ञ नसताना साध्या माणसांनी बसून काय होणार? यावर आपल्याच राज्यातलं काम आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, प्रशिक्षित समुपदेशक ठेवले, आणि गंभीर माणसांसाठी मागे डॉक्टर. आधी नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे होते ४.३ टक्के. १८ महिन्यांनी ते झाले २७.२ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हे छापून आलंय. मी डेटा बघणारा माणूस आहे, त्यामुळे मला यातलं दुसरं टोकही दिसतं: इतकं करूनही शंभरातले सत्तरहून जास्त बाहेरच राहिले. पण चारचे सत्तावीस होणं हे कुठल्याही नव्या इमारतीशिवाय झालं.

आणि स्किझोफ्रेनियात घरच्यांच्या गटाला एक सरळ वैद्यकीय कारणही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तरच्या दशकात दाखवलं की बरा होऊन घरी गेलेला रुग्ण ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा अति काळजी असते तिथे जास्त वेळा पुन्हा आजारी पडतो. पुढे चंदीगडला तसाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत हे प्रमाण लंडनपेक्षा कमी निघालं, खेड्यांत तर आणखी कमी. म्हणजे आपली घरं मुळात वाईट नाहीत. पण थकलेली आई टोमणे मारते. माझी मारायची. 'तुझ्यापायी माझं आयुष्य गेलं' हे तिने एकदा त्याला म्हटलंय. तेच वाक्य दुसऱ्या आयांसमोर बोलायला जागा मिळाली, तर ते घरात बोलावं लागत नाही.

तर आमचं काय झालं. सामाजिक कार्यकर्त्याकडे नंबर देऊन दीड महिना काही नाही. मग एका बाईंचा फोन आला, मानवत तालुक्यातून. त्यांच्या मुलीला हाच आजार. त्या आणि आई ओपीडीच्या दिवशी लवकर येऊन बाकावर बसायला लागल्या. तीन महिन्यांत चार घरं झाली. मग प्रश्न आला बसायचं कुठे. परभणीत कुणाची गाडी कुठल्या दवाखान्यासमोर उभी आहे यावरून बातमी होते. कुणाच्या घरी बसलो तर शेजारी विचारणार. शेवटी एका ओळखीच्या शिक्षकांनी रविवारी शाळेचा एक वर्ग उघडून दिला. शाळेत चार बायका आल्या तर कुणी काही विचारत नाही. पालकसभा वाटते. गंमत म्हणजे ती पालकसभाच असते.

नियम आईनेच सांगितले, मी फक्त टाइप केले. इथलं इथेच. औषधावर सल्ला द्यायचा नाही. कुणी रडलं तर गप्प बसवायचं नाही. देवाधर्माला कुणाला नावं ठेवायची नाहीत, पण 'डॉक्टर सोडा' असं कुणी म्हणायचं नाही. महिन्यातून एकदा बैठक, सव्वा तास. नाही आलं तर कुणी कारण विचारायचं नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण त्यावर फक्त तारीख आणि वेळ टाकायची. हा शेवटचा नियम कुठून आला ते सांगायला नको.

यातून हाती काय लागतं ते एका उदाहरणावरून बघा. दुसऱ्याच बैठकीत सेलूहून येणाऱ्या काकांनी सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे त्यात मानसिक आजारही आहे, आणि प्रमाणपत्र निघतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षणासारख्या तरतुदी लागू होतात. आम्हाला दोन वर्षांत हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी स्वतःला गुगलमधला पैलवान समजतो. भावाला अर्ज करायचा का हे त्याने अजून ठरवलेलं नाही. कागदावर तसं लिहिलं जाणं त्याला नकोय. तो त्याचा निर्णय आहे. बैठकीत यावर दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, मतदान नाही.

सगळं छान चाललंय असं समजू नका. एक घर दोन बैठकांनंतर यायचं थांबलं, मुलाचं स्थळ बघायचं होतं म्हणून. उन्हाळ्यात दोन महिने कुणीच आलं नाही. बाबा अजून एकदाही आत आलेले नाहीत. आईला शाळेच्या फाटकापर्यंत सोडतात आणि समोरच्या टपरीवर बसून राहतात. गेल्या महिन्यात तिथे त्यांच्या शेजारी ते सेलूचे काका बसलेले दिसले, बैठक सोडून. दोघांनी चार-चार चहा घेतले म्हणे. मी बाबांना विचारलं काय बोललात. "काही नाही," म्हणाले, "कापसाचं."

तुमच्या तालुक्यात असा गट चालू असेल, किंवा तुम्हाला दोन घरांवरून सुरुवात करायची असेल आणि पहिल्या बैठकीत काय बोलायचं हे सुचत नसेल, तर मला लिहा. मी आईला विचारून सांगतो. पुढच्या भागात आपण पीकविम्याच्या अॅपवर बोलू, ते मागच्या वेळी राहिलं होतं.